प्रोसेसरचं वय

वैशाख लागला की आमच्या घरात सगळ्यात आधी कॉम्प्युटरला कळतं. दुपार कलली की कॅबिनेटमधला पंखा आवाज चढवतो. आधी नुसती घरघर, मग दम लागलेल्या माणसासारखी शीळ, आणि मग मध्येच सगळं गप्प. मला त्या गप्प होण्याची भीती वाटते. पडद्यावर ट्रक वळणावर थिजलेला असतो, बर्फाचे कण हवेतच अडकलेले असतात, आणि माऊस कितीही आपटला तरी काही हलत नाही. यंदा वैशाख लागताच एका संध्याकाळी तसंच झालं. या वर्षी ते व्हायला नको होतं, कारण प्रोसेसर नवा आहे. मागच्या वैशाखात एवढा काथ्याकूट करून घेतलेला.

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी हसायला नको. मी चाळिशीकडे झुकलेली बाई आहे. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिस्पॅचला बसते. दिवसभर खऱ्या ट्रकवाल्यांशी हुज्जत घालते आणि घरी आले की खोटा ट्रक चालवते. बर्फाळ डोंगरांतून माल पोचवायचा, एवढाच तो खेळ. ना मारामारी, ना बंदुका. घसरडा रस्ता, आंधळी वळणं, काचेवर साचणारं हिम, आणि पुढे गाव आहे की दरी हे शेवटपर्यंत कळू न देणारं धुकं. ऑफिसातल्या बायका विचारतात, "तुला कंटाळा नाही का गं येत त्याच त्याच कामाचा?" नाही येत. त्या रस्त्यावर माझ्याशी कुणी वाद घालत नाही.

माझा धाकटा भाऊ विशाल लग्नानंतर बदलापूरला नदीपलीकडे राहायला गेला, पण रविवारी दुपारचा तो इथेच असतो. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं नकाशा बघायचा. आणि आमच्या मागे पलंगावर, पाय वर घेऊन, आई. मागच्या वैशाखात आईला त्या बर्फाचं वेडच लागलं होतं. बाहेर ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसावा, आणि ही पंख्याखाली बसून पडद्यावरच्या डोंगरांकडे टक लावून बघणार. "जरा हळू घे गं, घसरेल," म्हणायची. कधी म्हणायची, "थांबव इथे." मी ट्रक कडेला घ्यायचे. मग आम्ही तिघं काहीच न करता नुसते बघत बसायचो. खाली गोठलेलं तळं, पलीकडे देवदाराची रांग. "तिथं हवा कशी असेल रे विशू?" "थंड असेल आई." "थंड नव्हे रे. मोकळी असेल."

असं थांबून बघतानाच तो जुना प्रोसेसर दगा द्यायचा. गाडी चालू असताना अडखळायचा ते वेगळंच, पण उभी असतानाही बंद पडायचा. विशूनं तेव्हा निदान करून टाकलं होतं. "ताई, ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे. हा म्हातारा झालाय. त्याला झेपत नाही आता." आमच्याकडे त्याला म्हाताराच म्हणत. विशूच्या कॉलेजच्या वर्षांत घेतलेला, चार कोरचा, तेव्हा कोण कौतुक होतं त्याचं. नवा घ्यायचा म्हणजे नुसता प्रोसेसर घेऊन भागत नाही. त्याची बसायची जागा बदललेली, म्हणून मदरबोर्ड नवा, म्हणून रॅम नवी. एक दात काढायला गेलं आणि कवळीच बसवून आलं, तसं. मी महिनाभर चालढकल केली. दोन प्रोसेसर शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यावर तासभर बोलणाऱ्या पोरांचे व्हिडिओ बघितले. एक म्हणे थांबा, पुढच्या वर्षी याहून चांगला येतोय. दुसरा म्हणे थांबलात की संपलात. मी दोघांचंही ऐकायचे आणि पुन्हा त्याच अडखळत्या रस्त्याला लागायचे.

त्याच दिवसांत आईचा खोकला सुरू झाला. कोरडा, तुटक, संध्याकाळी वाढणारा. दिवेलागणीला ती स्वयंपाकघरात असायची आणि माझ्या कानावर एका बाजूनं पंख्याची शीळ यायची, दुसऱ्या बाजूनं तिचं खोकणं. औषधाची बाटली आणली, संपली, दुसरी आणली. "मला काय धाड भरलीय," आई म्हणायची. "वय झालं आता. इतकी वर्षं वॉर्डात फिनेल हुंगलं, ते निघतंय बाहेर."

वय झालं. हे दोन शब्द आपल्याकडे फार सोयीचे आहेत. ते एकदा म्हटले की पुढे काही शोधावं लागत नाही. मशीन अडखळलं, वय झालं. माणूस खोकलं, वय झालं. ऐकणाराही मान डोलावतो आणि चहा मागवतो.

बाबा लवकर गेले. आईनं इस्पितळात आयाचं काम करून आम्हाला वाढवलं, आणि निवृत्त झाली तेव्हा चिखलोलीत हे घर घेतलं. अंबरनाथच्या चाळीत आमच्या दाराला कधी पाटी नव्हती. इथे आहे, आणि तिच्यावर नाव आईचं आहे. रोज सकाळी ती ती पाटी पदरानं पुसते. पाटी पुसताना तिचा चेहरा मी बघितला आहे, म्हणून घराबद्दल काही वाकडं बोलायला माझी जीभ रेटत नाही. बाल्कनीतून मलंगगडाची रेघ दिसते, अर्ध्या उभ्या राहिलेल्या इमारती दिसतात, आणि स्टेशन होणार आहे ती जागा दिसते. सकाळी हवा छान असते. सकाळी घर बघायला येणारा कुणीही म्हणेल की बाई, नशीब काढलंत.

वास संध्याकाळी येतो. रोज नाही. वैशाखात वारा पडला की येतो. सडक्या अंड्याचा, त्यात काहीतरी गोडसर मिसळलेला, जिभेवर पैशाच्या नाण्यासारखी चव ठेवणारा. कुठून येतो हे कुणी छातीठोक सांगत नाही. कुणी नाल्याकडे बोट दाखवतं, कुणी कारखान्यांच्या चिमण्यांकडे, कुणी म्हणतं तुमच्याच गटाराचं झाकण बघा. मग खिडक्या लागतात, टीव्हीचे आवाज वाढतात, आणि तासाभरानं नाक त्या वासाला सरावतं. सरावलं की वास नाहीच.

आमच्या भागात चांदी टिकत नाही, ही गोष्ट बायका हळदीकुंकवाच्या गप्पांसारखी सहज बोलतात. पैंजण घातले की काळे, जोडवी काळी. आईच्या चांदीच्या डबीत खडूचा तुकडा असतो आणि डबी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. तिला निवृत्तीच्या वेळी मिळालेली चांदीच्या मुलाम्याची छोटी बुद्धमूर्ती मात्र पिशवीत कशी ठेवणार? ती ती टूथपेस्टनं घासते, आणि चार दिवसांत मूर्तीच्या पापण्यांखाली पुन्हा काळं उतरतं. एसी दुरुस्त करणारा पोरगाही हसत हसत सांगतो, "इकडं कॉइल टिकत नाय ताई. दुसऱ्या वर्षी गॅस उडालाच समजा." आम्हीही हसतो. चांदीचं दुःख सोनाराकडे, एसीचं त्या पोराकडे, खोकल्याचं डॉक्टरकडे. प्रत्येकाला वेगळं दार दाखवलेलं आहे, आणि ही सगळी दुखणी एका जागी कधी बसलेली मी बघितली नाहीत.

शेवटी मागच्या वैशाखात एका शनिवारी म्हाताऱ्याला कॅबिनेटसकट आईच्या जुन्या साडीत गुंडाळलं, रिक्षात मांडीवर घेतलं आणि उल्हासनगर गाठलं. तिथे एका गल्लीत हरेशभाईंचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन खुर्च्यांची जागा, भिंतीभर वायरी, आणि समोरच्या पापडवाल्याच्या भट्टीचा वास. हरेशभाई गोरे, गोलमटोल, बोलताना समोरच्याला आधी हसवून मग किंमत सांगणारे. त्यांनी कॅबिनेटचं दार उघडलं, बॅटरी मारली, आणि आत बोट फिरवून ते बोट माझ्यापुढे धरलं.

"मॅडम, कहां रहते हो? अंबरनाथ-बदलापूरच्या बीच में ना?"

मी चकित झाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"उधर का माल मैं आंख बंद करके पहचानता. काला होके आता है. ये देखो, तांबा देखो." प्रोसेसरवर बसवलेल्या थंडाव्याच्या नळ्या, ज्या मी घेतल्या तेव्हा तांब्याच्या पेल्यासारख्या झळकत होत्या, त्या जळक्या कढईच्या बुडासारख्या दिसत होत्या. "कल्याणका माल धूळवाला आता है, मुंबईका खारा आता है. तुम्हारा काला. साईं, नवीन सेट घेऊन टाका. दो साल मक्खन चलेगा."

"दोनच वर्षं?"

"चिखलोली में?" ते खो खो हसले. "चिखलोली में दो साल बहुत हो गये, मॅडम."

मीही हसले. दुकानदार आहेत, नवीन विकायचंय, बोलणारच. पण परतताना रिक्षात मांडीवर नवा सेट बसवलेलं कॅबिनेट होतं, पायाशी जुना बोर्ड, आणि मनात पाल चुकचुकत होती. फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा वास सुटलेला होता. रिक्षावाल्यानं रुमाल नाकाला लावला आणि त्याच हातानं सुटे पैसे दिले. त्यालाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

नव्या प्रोसेसरनं मात्र डोळ्यांचं पारणं फेडलं, हे कबूल करायला हवं. डोंगरामागचे डोंगर दिसायला लागले. पूर्वी जिथे पांढरा फराटा होता तिथे घरं निघाली, घरांच्या खिडक्यांत दिवे निघाले. आई म्हणाली, "अगं, एवढं सगळं होतं होय तिथं!" मग पाऊस सुरू झाला, वारा फिरला, वास धुऊन निघाला. आईचा खोकला दसऱ्याच्या आत कधी गेला ते आम्हाला कळलंही नाही. जुना बोर्ड, त्याच्या रॅमच्या पट्ट्यांसकट, माळ्यावर गेला. सगळं सुरळीत झालं की माणूस कसं खुशाल विसरतो, ते मी त्या सहा-आठ महिन्यांत अनुभवलं.

आणि आता पुन्हा वैशाख. पुन्हा ती शीळ. वैशाख लागताच तो ट्रक थिजला तेव्हा मागून आईनं विचारलं, "का गं, याचंही वय झालं?" गमतीनं विचारलं तिनं. पण वाक्य पुरं व्हायच्या आत तिला ढास लागली, आणि गंमत तिथेच राहिली. तिचा खोकलाही आलाय, मागच्यापेक्षा खोल. या वेळी मी तिच्या छातीचा फोटो काढून आणला. डॉक्टर म्हणाले, फोटोत विशेष काही नाही, पण थोडे दिवस हवापालट करून बघा. आई वाटेत हसत होती. "हवापालट! मी काय महाबळेश्वरला जाणारी मडम आहे? माझं घर सोडून मी कुठं जाऊ?"

तिला न सांगता मी त्या संध्याकाळी कॅबिनेटचं दार उघडलं. नव्या तांब्याच्या नळ्या काळ्या पडल्या होत्या. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात कडेनं डागाळले होते. माळ्यावरून जुना बोर्ड काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. एक दहा वर्षं राबलेला, एकाला अजून वर्ष व्हायचंय. काळं दोघांनाही त्याच जागी धरलेलं, सांध्यांना आणि जोडांना. तासभर बोलणाऱ्या त्या पोरांपैकी एकानंही हे सांगितलं नव्हतं. मला कोणीतरी माझ्याच घरात मागे येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. मी उठून खिडकी लावली. मग वाटलं, आता लावून काय उपयोग, आणि तरी उघडायचा धीर झाला नाही.

बुद्धपौर्णिमेला आमच्या इमारतीतली आठ-दहा घरं खाली पार्किंगमध्ये जमतात. पांढरी साडी, मेणबत्त्या, खिरीचं पातेलं, पांढऱ्या कापडावर आईची ती बुद्धमूर्ती. वंदना आईच सांगते, बाकीचे मागून म्हणतात. इस्पितळात वॉर्डच्या टोकाला ऐकू जाईल असा तिचा आवाज, तिला कधी माईक लागला नाही. या वर्षी त्रिशरणाच्या दुसऱ्या फेरीला तिचा श्वास तुटला. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तुटला. शेजारच्या जाधवकाकूंनी अलगद सूर उचलला आणि लोक त्यांच्या मागून म्हणत गेले. आई हात जोडून, ओठ मिटून उभी होती. लोकांनी खीर खाल्ली, तिची चौकशी केली, आणि कुणीतरी म्हणालंच, "वय झालं हो आता मावशींचं." मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला.

पुढच्या रविवारी विशू आला. त्याचं म्हणणं, अपडेटचा घोळ असेल, नाहीतर आणखी वरचा प्रोसेसर टाकू, या बोर्डावर बसतो. मी त्याला दोन्ही बोर्ड दाखवले. त्यानं दोन्हींच्या काळ्या सांध्यांवरून बोट फिरवलं. मग त्यानं खिशातून खोडरबर काढलं. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे दात खोडरबरानं घासायचे, ही आपल्याकडची जुनी मात्रा. आधी नव्याचे घासले, मग जुन्याचे. जमिनीवर काळा कीस पडला. नवा सुरू केला, धावला.

"म्हाताऱ्याला मी घेऊन जातो ताई," तो म्हणाला. "माझ्याकडे रिकामं कॅबिनेट पडलंय. तिकडे लावून बघतो. दोघांना सारखंच घासलंय. बघू कोण टिकतं."

"आणि आई?"

त्यानं स्वयंपाकघराकडे बघितलं. "आईला मी दिवाळीपासून सांगतोय, चार दिवस ये. ती ऐकते का? तूच सांग."

मी सांगितलं. विनवण्या केल्या, रागावले. आईचं एकच. घर बंद ठेवलं की घराला वाईट वाटतं, नळाला पाणी कधी येतं हे कुणाला माहीत, आणि मुख्य म्हणजे आता वयच झालंय, त्याला बदलापूर काय करणार. मी तिला ते बोर्डावरचं काळं दाखवलं तर म्हणाली, "मशीन ते. माणसाची छाती अशी लेचीपेची नसते." शेवटी काय झालं? जुन्या साडीत गुंडाळून, मांडीवर सांभाळून, विशूनं म्हाताऱ्याला बदलापूरला नेलं. आमच्या घरातला पहिला हवापालट प्रोसेसरचा झाला. लिहिताना मला याचं हसू यायला हवं, पण येत नाही.

नवा आठवड्यात थांबला. मी पुन्हा घासला, पुन्हा थांबला. संध्याकाळी कामावरून येताना मी फाटकापासूनच नाक वर करते, कुत्र्यासारखी. वारा आहे का बघते. जिना चढताना आधी आईचा खोकला ऐकू येतो का ते ऐकते, आणि ऐकू आला नाही तर पायऱ्या धावत चढते, कारण न ऐकू येणंही आता बरं वाटत नाही. विशूला मी रोज विचारायचं टाळत होते. म्हातारा तिकडेही बंद पडावा असं मला मनातून वाटत होतं. तो बंद पडला असता तर खरंच वय झालं असतं, त्याचं आणि सगळ्यांचंच, आणि कुणाला काही करावं लागलं नसतं.

काल दिवेलागणीला त्याचाच फोन आला. "ताई, वैशाख सरत आला. एकदाही बंद पडला नाही. बर्फात जरा दमतो, दूरचे डोंगर उशिरा दाखवतो, पण ठणठणीत आहे. त्याला काहीच झालेलं नव्हतं गं." त्याचा आवाज शेवटच्या शब्दांवर बारीक झाला. मी फोन आईच्या कानाला लावला.

"आई," तो म्हणत होता, "ये ना. तुला बर्फ दाखवतो. तो जुनाच लावलाय."

"येते रे बाबा," आई म्हणाली. "किती मागे लागशील? एवढा वैशाख संपू दे, खोकला जरा बसू दे, मग निवांत येते."

मी फोन तिच्या हातात तसाच ठेवला, आत गेले आणि कपाटावरची बॅग खाली काढली. तिच्या चार साड्या, शाल, औषधं. बॅगेची चेन लावल्याचा आवाज ऐकून ती दारात आली. मी म्हटलं, "आई, वैशाख संपायच्या आत निघायचंय. आत्ता." ती काहीतरी ठाम बोलायला गेली, आणि तिला ढास लागली. चौकट धरून, वाकून ती खोकत होती. बोलायचं आहे, जरा थांब, असं सांगायला तिनं दुसरा हात वर केला. मी बॅग घेऊन थांबले. फोनमध्ये विशू "आई, आई" करत होता, आणि तो हात वरच होता.